पनवेलची वाट आणि स्वाराचा बूट

#थ्रेड #इतिहास #पनवेल

१/
पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर दुचाकीस्वारांचे तांडेच्या तांडे दिसतात. येथून एक वाट खोपोली-खंडाळ्याच्या घाटाकडे वळते, दुसरी कर्नाळ्याच्या पायथ्याने कोकणात उतरते. स्वारांच्या डोक्यावर हेल्मेट असते, अंगात जाड जाकीट असते आणि त्यांतल्या अनेकांच्या पायात मात्र साधी चप्पल असते. या चपलेला इतिहास आहे. तिच्या जागी जो बूट असायला हवा, त्यालाही इतिहास आहे. या दुसऱ्या इतिहासातले एक नाव तर पनवेलच्या याच रस्त्याशी जोडलेले आहे.

२/
पनवेल हे मूळचे खाडीवरचे बंदर. मुंबईचा माल होड्यांनी पनवेलला यायचा, तेथे बैलांच्या पाठीवर चढायचा आणि बोरघाटाने देशावर जायचा. देशावरचा माल याच वाटेने उलट उतरायचा. त्यामुळे पुण्याकडे निघालेल्या कोणत्याही सैन्यालाही पनवेल टाळणे कठीण होते. नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली इंग्रज फौज पनवेललाच उतरली. तिच्यासोबत तोफा होत्या, अवजड सामान होते आणि ते वाहणारे हजारो बैल होते.

३/
या फौजेची चाल इतकी मंद होती की घाट चढून कार्ल्यापर्यंत पोहोचायला जानेवारी १७७९ उजाडला. तेथे कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठी लोकस्मृतीतला ‘इष्टुर फाकडा’, मारला गेला. पुढे वडगावला इंग्रजांना नामुष्कीचा तह करावा लागला. पराभवाची राजकीय आणि लष्करी कारणे अनेक होती. पण एक गोष्ट साऱ्यांनाच दिसली: बोरघाटाची वाट बैलाच्या खुराला आणि मेंढपाळाच्या वहाणेला मानवत होती, तोफेच्या चाकाला आणि परक्या बुटाला नव्हे.

४/
पंचवीस वर्षांनी या वाटेवर दुसरा एक इंग्रज सेनानी आला. वसईच्या तहानंतर (३१ डिसेंबर १८०२) दुसऱ्या बाजीरावाला पुण्यात पुन्हा बसवण्याची कामगिरी मेजर जनरल आर्थर वेलस्लीकडे होती. १८०३ मध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला असईची लढाई जिंकली, नोव्हेंबरात आडगाव आणि डिसेंबरात गाविलगड सर केला. दख्खनच्या युद्धात तलवारीइतकाच पुरवठा महत्त्वाचा असतो, हे त्याने ओळखले होते. त्याच्या पत्रव्यवहारात बैल, तांदूळ, रस्ते आणि नदीउतार यांची चिंता सतत दिसते.

५/
मुंबई आणि दख्खन यांच्यात पक्का रस्ता हवा, हे जाणून वेलस्लीने १८०४ च्या सुमारास बोरघाटाचा पायथा ते पनवेल हा रस्ता बांधून घेतला. पुढे खुद्द घाटातून गाडीरस्ता झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, तो वाहतुकीला खुला झाला. लोणावळ्याजवळचा ‘अमृतांजन पूल’ याच बांधकामातला. एकशे नव्वद वर्षे उभा राहिलेला हा पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला.

६/
हाच आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला. त्याचे नाव आज जगात दोन गोष्टींमुळे घरोघरी पोहोचलेले आहे. एक, ही लढाई. दुसरी, ‘वेलिंग्टन बूट’. पनवेलचा रस्ता ज्याने बांधवला, त्याच माणसाचे नाव पुढे स्वाराच्या बुटाला मिळाले. येथे एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. तो बूट या रस्त्यावर किंवा दख्खनच्या मोहिमेत जन्मला, असे म्हणायला आधार नाही. तो लंडनचा आहे आणि वेलस्ली भारतातून गेल्यानंतरचा आहे.

७/
त्या काळी युरोपातले घोडेस्वार ‘हेसियन’ बूट वापरत. पुढून उंच, वर गोंडा आणि पोटरीवर सैल. वेलिंग्टनने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरील हॉबी या चर्मकाराकडून त्यात बदल करून घेतले. गोंडा गेला, चामडे मऊ वासराचे आले, बूट पोटरीला बसेल असा कापला गेला आणि टाच बुटकी झाली. घोड्यावर तो पायाला सांभाळत असे आणि घोड्यावरून उतरल्यावर त्यातच चालताही येत असे. थोडक्यात, शोभेचे काढून कामाचे ठेवले. म्हणून तो टिकला. हेसियन आज संग्रहालयांत आणि चित्रांतच उरला आहे.

८/
बुटाला टाच कशासाठी असते? आज तिचा संबंध उंची आणि डौल यांच्याशी लावला जातो. पण टाचेचा जुना मालक घोडेस्वार आहे. इराणी स्वारांच्या पादत्राणांना टाच असे. ती रिकिबीत अडकून राहत असल्यामुळे धावत्या घोड्यावर उभे राहून बाण सोडताना पाय निसटत नसे. सतराव्या शतकाच्या आरंभी ही टाच युरोपात गेली आणि दरबारी फॅशन बनली. मोटरसायकलच्या फूटरेस्टवर बुटाची टाच आजही नेमके हेच काम करते. खड्ड्यातून गाडी उसळली तरी पाय मागे-पुढे सरकत नाही.

९/
महाराष्ट्राच्या पायाची गोष्ट मात्र निराळी आहे. बोरघाटात शिंग्रोबाचे छोटे देऊळ आहे. घाटातली वाट इंग्रज अभियंत्यांना एका धनगराने दाखवली आणि नंतर त्यालाच मारले गेले, अशी लोककथा आहे. वाहनचालक आजही तेथे नाणे वाहून पुढे जातात. कथा किती खरी, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिच्यामागचे वास्तव खरे आहे. सह्याद्रीच्या वाटा आधी मेंढपाळांना आणि गुराख्यांना ठाऊक होत्या. त्यांच्या पायात जाड तळाच्या वहाणा होत्या, बूट नव्हते.

१०/
या वहाणांच्या घराण्यातले सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे कोल्हापुरी चप्पल. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावलेले कातडे, रापीने कापलेला तळ, आरीने भोक पाडून कातड्याच्याच वादीने घातलेली शिवण. खिळा कोठेही नाही. दोन बाजूंचे ‘कान’ आणि पुढचा ‘अंगठा’ यांत पाऊल बसते. २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोरड्या, तापलेल्या पठारावर चालण्यासाठी तिच्याइतके सोयीचे पादत्राण क्वचितच सापडेल.

११/
पण प्रत्येक पादत्राण कुठल्या तरी जमिनीचे असते. झाडाच्या सालीत कमावलेले कातडे पाणी पिते, फुगते आणि वेळेवर वाळले नाही तर त्याला बुरशी धरते. म्हणूनच कोल्हापुरी घालणारा माणूस पावसाळा लागला की ती जपून ठेवतो. शिवाय तिची बोटे आणि घोटा उघडे असतात. पायी चालणाऱ्याला हा गुण आहे, वारा लागतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराला मात्र हाच दोष ठरतो. चप्पल वाईट नाही. ती चालण्यासाठी घडलेली आहे, इतकेच.

१२/
एकोणिसाव्या शतकात बूट आणि जोडा यांच्यात आणखी एक भिंत उभी राहिली. कचेरीत आणि दरबारात जाताना हिंदी माणसाने जोडे बाहेर काढावेत, असा दंडक होता. १८५४ आणि १८६८ च्या सरकारी ठरावांनी त्यातून एक चमत्कारिक पळवाट निघाली: युरोपीय पद्धतीचे बूट आणि मोजे घातले असतील तर ते पायात ठेवता येतील, देशी जोडे मात्र काढावे लागतील. पाऊल तेच, चिखल तोच. पण बूट हा दर्जा झाला आणि जोडा हा कमीपणा. पायाला काय सोसते, यापेक्षा साहेबाला काय रुचते याला महत्त्व आले.

१३/
खाली गावात तर याहून कठोर व्यवहार होता. कातडे कमावणारे ढोर आणि जोडे शिवणारे चांभार यांच्या हातांवर साऱ्या गावाचे पाय चालत. पण ज्यांना अस्पृश्य ठरवले होते, त्यांनी वरिष्ठ जातींच्या माणसांसमोरून वा घरांवरून जाताना पायातले काढून हातात घ्यावे, अशी रीत अनेक गावांत होती. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण याच समाजात रुळली. मुंबई इलाख्याच्या फौजेत भरती झालेल्या महार सैनिकाला गणवेश आणि पादत्राण मिळे, तेव्हा त्याचा अर्थ केवळ पायापुरता नव्हता. १८९० च्या दशकाच्या आरंभी ही भरती थांबवली गेली, तेव्हा गेलेल्या गोष्टींत हेही होते.

१४/
आता थोडे बुटाच्या पोटात शिरू. वेलिंग्टनच्या काळातल्या सामान्य शिपायाच्या बुटांत उजवा-डावा असा भेदच नसे. दोन्ही एकाच साच्यावर बेतलेले. झीज सारखी व्हावी म्हणून ते आलटून-पालटून घालण्याची शिस्त असे. पाय बुटाला शिकवायचा, बूट पायाला नव्हे! एकोणिसाव्या शतकाच्या मध्याकडे उजव्या-डाव्याचे वेगळे साचे सर्वत्र रूढ झाले. आज अगदी गृहीत धरला जाणारा हा आराम लाखो पायांना फोड आणून मग मिळालेला आहे.

१५/
टिकाऊपणाची गोष्ट १८७० च्या दशकाच्या आरंभी बदलली. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर (धाकटा) याच्या नावाने एक शिवणयंत्र आले. यात बुटाचे वरचे चामडे आणि आतला तळ एका अरुंद चामडी पट्टीला शिवतात आणि बाहेरचा तळ वेगळ्या शिवणीने त्या पट्टीला जोडतात. या पट्टीला ‘वेल्ट’ म्हणतात. तळ झिजला की फक्त ती बाहेरची शिवण उसवून नवा तळ लावता येतो, बूट जगतो. कानपूरला सरकारी जीन-सामान कारखाना आणि १८८० च्या सुमारास स्थापन झालेली कूपर ॲलन कंपनी यांनी भारतात लष्करी चामड्याच्या मालाचे मोठे केंद्र उभे केले.

१६/
पाण्याचा प्रश्न दोन दिशांनी सुटला. पहिली दिशा रबराची. थोरल्या चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची युक्ती शोधली आणि काही वर्षांतच वेलिंग्टनच्या घाटाचे बूट रबरात निघू लागले. तेच आपले गमबूट. पहिल्या महायुद्धातल्या चिखलभरल्या खंदकांत ब्रिटिश सैन्याला असे दहा लाखांहून अधिक जोड पुरवले गेले. दुसरी दिशा क्रोमची. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. हे चामडे पाण्याला अधिक दाद देत नाही आणि मऊही राहते. भारतात १९०३ पासून मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याचे प्रयोग सुरू केले.

१७/
म्हणजे मोटरसायकल रस्त्यावर आली तेव्हा टाच, उंच पोटरी, वेल्ट, रबर आणि क्रोमचे चामडे हे सारे हजर होते. १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलरने बनवलेली पहिली इंजिनाची दुचाकी लाकडी सांगाड्याची होती आणि तिच्यावर बसायला चक्क घोड्यासारखे खोगीर होते. नव्या वाहनाने शब्दही घोड्याचेच घेतले: स्वार, सॅडल, हॉर्सपॉवर. बूटही घोड्याचेच घेतले. महायुद्धांत निरोप पोहोचवणारे लष्करी मोटरसायकलस्वार उंच चामडी बुटांत दिसतात, ते याच परंपरेने.

१८/
पुढे डोक्याला एक डॉक्टर भेटला. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी लष्करी मोटरसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व मांडले आणि ब्रिटिश सैन्याने ते आपल्या स्वारांना सक्तीचे केले. आजच्या हेल्मेट-कायद्यांची एक मुळी येथे आहे. पायाच्या बाजूने मात्र असा कोणी केर्न्स उभा राहिला नाही. पायाने माणूस सहसा मरत नाही. तो लंगडतो, आणि लंगडण्याची बातमी होत नाही.

१९/
पायाची काळजी घेतली ती शर्यतींनी. इटलीच्या उत्तरेला, डोंगरी आणि स्कीच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या भागात, असोलो गावी सांते माझ्झारोलो यांनी १९६३ मध्ये ‘अल्पाइनस्टार्स’ सुरू केली. मोटोक्रॉसचा खेळ तेव्हा नवा होता. दगड-चिखलातून उड्या घेणाऱ्या स्वारासाठी बकलांचा, नडगी झाकणारा बूट तेथे घडला. पुढे २००२ मध्ये युरोपात स्वारांच्या बुटांसाठी ‘ईएन १३६३४’ हे मानक आले. त्यात बुटाची उंची, रस्त्यावर घासले जाण्याला विरोध, कापले जाण्याला विरोध आणि तळाचा आडवा ताठपणा हे चारही गुण तपासले जातात.

२०/
हा ‘आडवा ताठपणा’ समजून घेण्यासारखा आहे. गाडी कुशीवर पडते तेव्हा पाऊल गाडी आणि डांबर यांच्यामध्ये सापडते. पावलावर दोन्ही कडांनी दाब येतो. पायी चालण्याचा मऊ बूट अशा वेळी पिळलेल्या फडक्यासारखा दुमडतो. घोट्याभोवती मांस जवळजवळ नसते; कातडीखाली लगेच हाड. तेथली जखम सावकाश भरते आणि तुटलेला घोटा जिना, मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे या साऱ्यांची आठवण आयुष्यभर करून देतो. हातावर पोट असलेल्या माणसाला तर तो रोजगारातूनच उठवतो.

२१/
मग पळस्प्याच्या फाट्यावर चप्पल कुठून आली? तिचे उत्तर स्कूटरमध्ये सापडते. १९४६ मध्ये इटलीत कोरादिनो दास्कानियो यांनी आखलेली व्हेस्पा स्वाराचे कपडे आणि बूट स्वच्छ राहावेत अशाच हेतूने घडली होती. पुढे पत्र्याची ढाल, खाली सपाट फळी, गिअर डाव्या हातात. पायाला काम एकच, मागच्या चाकाचा ब्रेक. बजाज ऑटोने १९६० च्या सुमारास व्हेस्पाच्या परवान्यावर उत्पादन सुरू केले; १९७२ मध्ये ‘चेतक’ आली आणि पुण्याच्या आकुर्डीतून निघालेल्या स्कूटरीने महाराष्ट्रातले मध्यमवर्गीय घर दुचाकीवर बसवले. ही गाडी चपलेवर चालवता येत होती आणि तशीच चालवली गेली.

२२/
१९८५ मध्ये ‘हीरो होंडा सीडी १००’ आली, पाठोपाठ बजाजच्या कावासाकी आल्या आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोटरसायकलींच्या विक्रीने स्कूटरला मागे टाकले. ढाल गेली, फळी गेली. गिअर डाव्या पायाकडे आला, तापलेले इंजिन आणि सायलेन्सर नडगीजवळ आले. वाहन बदलले, पायातले बदलले नाही. उलट वाहनानेच चपलेशी जमवून घेतले: अनेक भारतीय गाड्यांवर गिअरचा खटका दुहेरी असतो, पुढचा पंजाने आणि मागचा टाचेने दाबायचा, म्हणजे उघड्या बोटांनी तो वर उचलावा लागत नाही. पूर्वी घोड्याचा बूट मोटरसायकलवर गेला. येथे स्कूटरची चप्पल मोटरसायकलवर आली.

२३/
कायद्यानेही पायाकडे पाहिलेले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेट सांगते. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी पकडायला आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून जाळी सांगतो. साडीचा पदर कायद्याला दिसला, घोटा दिसला नाही. २०१९ मध्ये चप्पल घालून गाडी चालवल्यास दंड होतो, अशी अफवा पसरली. तेव्हा केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाने तसा कोणताही दंड नसल्याचे जाहीर केले. म्हणजे निवड सर्वस्वी स्वाराची आहे.

२४/
पनवेलच्या स्वाराला ही निवड अधिकच जपून करावी लागते. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे पुण्याला जाणारी मोटरसायकल आजही बैलतांड्यांच्या आणि पलटणींच्या त्या जुन्या दिशेनेच जाते: पनवेल, चौक, खोपोली, मग घाट. पहिल्या पावसात रस्त्यावरच्या तेलाचा तवंग वर येतो. अवजड वाहनांच्या रांगेत चढावर थांबावे लागते आणि गाडीचे सारे वजन एका पायावर येते. या वाटेवर बूट निवडायचा, तर इतिहासाने शिकवलेले धडे एकेक करून तपासावे लागतात.

२५/
पहिला धडा स्वाराचा. बुटाला ठळक, पण बुटकी टाच हवी. उंची घोट्याचे हाड पूर्ण झाकेल इतकी तरी हवी. म्हणजे सायलेन्सरचा चटकाही टळतो. बूट दोन्ही हातांत धरून तळ फडक्यासारखा पिळून पाहावा; सहज पिळला गेला तर तो रस्त्यावरही पिळला जाईल. टाचेचा मागचा भाग आणि घोट्याची बाजू दाबून पाहावी. आत ताठ अस्तर असावे. नाड्या असल्यास त्यांची टोके आत खोचता यावीत किंवा वर पट्टा असावा, कारण फूटरेस्टमध्ये अडकलेली नाडी सिग्नलला पाय टेकू देत नाही.

२६/
दुसरा धडा आरामाचा. पाय दिवसभरात किंचित सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा आणि ज्या मोज्यांवर घालायचा तेच मोजे घालून पाहावा. बोटे आत हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. दुकानात दोन पावले चालून भागत नाही. गाडीवर बसून गिअर टाकून पाहावा. पुढचा भाग फार जाड असेल तर तो खटक्याखाली शिरत नाही. कारखान्यात वापरतात ते पोलादी टोपीचे बूट अनेकदा येथेच अडतात. ‘घालून घालून सैल होईल’ या भरवशावर चावणारा जोडा घेऊ नये. उजव्या-डाव्याचा भेद नसलेल्या शिपायाकडे दुसरा पर्याय नव्हता, आज आहे.

२७/
तिसरा धडा पाण्याचा आणि टिकण्याचा. गमबूट पाणी रोखतो. पण तो सैल असतो, घोट्याला आधार देत नाही आणि मुसळधार पावसात वरून भरतो. जलरोधक अस्तराचा चामडी बूट आणि त्यावरून ओढलेली रेनकोटची विजार कोकणात अधिक उपयोगी. भिजलेला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये, चामडे तडकते; आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. शिवलेल्या तळाला दुसरा जन्म असतो, नुसत्या चिकटवलेल्याला बहुधा नसतो. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत न वापरता पडून राहिला तर आतूनच कुजतो आणि दोन-चार वर्षांनी बिस्किटासारखा चुरतो. म्हणून पॉलिथिनच्या पिशवीत बांधून जपलेला बूट अनेकदा रोजच्या बुटाआधी मरतो.

२८/
आणि शेवटचा धडा वेलिंग्टनच्या गोंड्याचा. बाजारात ‘बायकर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बुटांवर साखळ्या, बकले आणि चकाकी पुष्कळ असते. ती असायला हरकत नाही. पण तळ पिळून, टाच दाबून, घोटा चाचपून झाल्यावरच तिच्याकडे पाहावे. पूर्वी बूट साहेबाला दाखवायला घातला जाई आणि जोडा वरिष्ठांसमोर काढला जाई. दोन्ही वेळी निर्णय पायाचा नव्हता. आज पळस्पे फाट्यावरून घाटाकडे वळणाऱ्या स्वाराला कोणी बूट काढायला लावत नाही, घालायलाही लावत नाही. त्याच्या घोट्याचा विचार करणारा तेथे तो स्वतः एकटाच असतो.

(समाप्त)